ट्रॅक्टरची नोट आणि तुमचे बारा हजार

जुनी नोट, दुर्मीळ नाणं, विंटेज घड्याळ... व्यवहार फसला की आपण गप्प बसतो. लाज वाटते म्हणून, घरचे ओरडतील म्हणून. पण ते गप्प बसणंच सगळ्यात महाग पडतं. फसलात तर कुणाकडे जायचं, किती वेळात जायचं आणि सोबत काय घेऊन जायचं?

दुपारचं लेक्चर संपलंय. गावाकडची एसटी यायला अजून वेळ आहे. वाशिमच्या बसस्टँडवर बसून तुम्ही रील्स सरकवताय. तेवढ्यात एक व्हिडिओ येतो. 'तुमच्याकडे पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट आहे का? मग तुम्ही लखपती आहात!'

तुम्हाला आठवतं, आजीच्या डब्यात अशी एक नोट आहे. मागच्या बाजूला ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी. घरी गेल्यावर तुम्ही फोटो काढता, व्हिडिओखालच्या नंबरवर पाठवता. दहा मिनिटांत उत्तर येतं, 'अभिनंदन! तुमच्या नोटेला आठ लाखांचा ग्राहक मिळाला आहे.' सोबत रिझर्व्ह बँकेचा लोगो असलेलं पत्र. कुणा 'अधिकाऱ्या'चं ओळखपत्र. नोटांच्या थप्पीचा फोटोसुद्धा.

मग फोन. 'फक्त रजिस्ट्रेशनचे ८५० रुपये भरा.' भरता. दुसऱ्या दिवशी, 'जीएसटीचे ४,२०० बाकी आहेत, ते रिफंड होतील.' भरता. तिसऱ्या दिवशी, 'गाडी निघाली आहे, पण क्लिअरन्ससाठी ६,९५० लागतील. नाहीतर आधीचे पैसेही अडकतील.' तेही भरता.

झाले बारा हजार. सोयाबीन विकून घरच्यांनी मेससाठी आणि फीसाठी दिलेले. नोट मात्र अजून आजीच्या डब्यातच आहे.

ही गोष्ट आपण 'समजा' म्हणून रचलेली. पण तिचा साचा अस्सल आहे. इतका अस्सल, की खुद्द रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून सांगावं लागलं होतं: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काहीही संबंध नाही, आम्ही त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आमच्या नावानं ते घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.

एवढी किंमत येतेच कशी?

येत नाही, हेच उत्तर. नाण्याची किंवा नोटेची किंमत तीन गोष्टींवर ठरते. ती किती कमी उरली आहे, किती चांगल्या स्थितीत आहे आणि ती हवी असणारे किती जण आहेत. ट्रॅक्टरची नोट प्रचंड संख्येनं छापली गेली आणि ती आजही चलनात आहे. म्हणजे दुकानात पाच रुपयांना चालते. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणीही २०१२ मध्ये रीतसर चलनासाठी काढलेली. शेवटी ७८६ नंबर असलेल्या नोटेला हौशी माणूस चार पैसे जास्त देईलही. पण आठ लाख? आणि तेही नोट हातात न घेता, नुसत्या फोटोवर?

खरा संग्राहक आधी वस्तू बघतो. उलटी-सुलटी करतो, वजन करतो, भिंगाखाली धरतो. न बघता 'डील पक्की' म्हणणाऱ्याला वस्तूशी काही घेणंदेणं नसतं. त्याला तुमची फी हवी असते.

आपल्याकडची एखादी आजी हे एका वाक्यात सांगेल, 'बाबू, लाख रुपये देनारा मानूस तुले आधी पाचशे कायले मागन?'

पण समजा, आजीला विचारायचं राहून गेलं. आता काय?

पहिला फोन १९३०

आता घड्याळ बघा. फसवलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. ते तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या खात्यात जातात आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून बाहेर पडतात. १९३० ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन याच साखळीवर काम करते. तुमची तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत पोचते आणि पैसे ज्या खात्यात सापडतील तिथे ते रोखले जातात. पैसे खात्यात असतील तरच रोखता येतील. म्हणून इथे दिवस नाही, मिनिटं मोजायची.

फोन करण्याआधी एवढं समोर ठेवा: तुमचं खातं कुठल्या बँकेत, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ आणि रक्कम, यूपीआय ॲपमध्ये दिसणारा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक आणि त्याचा मोबाइल नंबर. तीन वेळा पैसे भरले असतील तर तिन्ही व्यवहार सांगा. 'शेवटचाच मोठा होता' म्हणून आधीचे सोडू नका.

फोन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर थेट तक्रार करा. पत्ता आहे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. तक्रार क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात. त्याच वेळी बँकेच्या अधिकृत नंबरवरही कळवा. हा नंबर गूगलवर शोधू नका, तिथेही बनावट कस्टमर केअर बसलेले असतात. एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर बघा.

इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. कुणी परस्पर तुमच्या खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर भार पडू नये असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ सालचे नियम आहेत. पण 'नोटेची फी' म्हणून पिन टाकून पैसे तुम्हीच पाठवले असतील, तर तो व्यवहार तुम्ही मंजूर केलेला धरला जातो आणि बँक सहसा भरपाई देत नाही. म्हणूनच १९३०वर पैसे रोखले जाणं हीच तुमची सगळ्यात मोठी आशा असते. रोखलेले पैसेही लगेच खात्यात येत नाहीत. ते परत मिळवायला पोलिसांची आणि गरज पडल्यास न्यायालयाची प्रक्रिया करावी लागते. वेळ लागतो, पण रस्ता असतो. पैसे एटीएममधून बाहेर पडल्यावर तो रस्ता फार अरुंद होतो.

पोलीस स्टेशनची पायरी

'आरोपी तर दुसऱ्या राज्यातला, इथं तक्रार देऊन काय उपयोग?' हा प्रश्न मनात येतोच. नवीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४पासून लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठेही घडलेला असो, तुम्ही कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती देऊ शकता. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे.

ठाण्यात नोंद घेतली नाही, तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची सोय त्याच कलमात आहे. भांडायची गरज नाही. एक कागद, एक रजिस्टर्ड पोस्ट, पावती जवळ.

गुन्हा काय तर फसवणूक, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पूर्वी ज्याला सगळे 'चारशे वीस' म्हणायचे तेच. शिवाय कुणी रिझर्व्ह बँकेचा अधिकारी असल्याचं ऑनलाइन सोंग घेतलं असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड. तक्रारीत कलमं तुम्ही लिहायची नसतात. घडलं ते तारीखवार लिहा, एवढं पुरे.

पुरावा मात्र सांभाळा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि प्रोफाइल दिसेल असे. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. व्हिडिओची लिंक ठेवा. मगच ब्लॉक करा.

दुसऱ्यांदा फसू नका

फसल्यानंतरचे आठ-दहा दिवस सगळ्यात धोक्याचे. तुमचा नंबर 'पैसे भरणारा' म्हणून एव्हाना पुढे गेलेला असू शकतो. मग एक नवा फोन येतो. 'आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फक्त प्रोसेसिंगचे दोन हजार भरा.' किंवा कुणी 'रिकव्हरी एक्स्पर्ट' इन्स्टावर गाठतो. ही त्याच सापळ्याची दुसरी खोली आहे. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस तुमच्याकडून फी घेत नाहीत.

तिसरा प्रकार याहून वाईट. 'तुझे पैसे परत देतो, फक्त तुझ्या खात्यात काही रक्कम येईल, ती पुढे पाठव, दहा टक्के तुझे.' इथे हो म्हणालात, तर दुसऱ्या कुणाचे तरी चोरलेले पैसे तुमच्या खात्यातून जातात. मग खातं गोठतं आणि चौकशीला तुम्हाला बोलावतात. फसलेला विद्यार्थी आरोपी कसा होतो, तर असा.

आणि हो, घरी सांगा. आधी रूममेटला सांगा हवं तर, पण सांगा. चौथा हप्ता भरला जातो तो लोभापायी कमी आणि 'आधीचे तरी परत येतील, घरी कळायच्या आत' या घाईपायी जास्त. एका माणसाला सांगितलं की ती घाई तुटते.

वस्तू आली, पण खोटी निघाली

आता वेगळा प्रसंग. इथे विक्रेता गायब नाही. त्यानं वस्तू पाठवलीय, पण 'अस्सल शिवराई' म्हणून आलेलं नाणं साच्यात ओतलेलं निघालं. कडेला जोडाची रेघ दिसतेय. किंवा 'ओरिजिनल डायल' म्हणून घेतलेल्या जुन्या एचएमटी घड्याळाची डायल नव्यानं रंगवलेली आहे. असे नकली नग बाजारात भरपूर फिरतात. शिवकालीन नाण्यांच्या नकला तर सर्रास मिळतात.

हा वाद ग्राहक कायद्याचा. ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यानुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ऑनलाइन विक्रेता ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. 'नो रिटर्न' असं लिहिलेलं असलं तरी बनावट मालाला ती ढाल होत नाही. मात्र जाहिरातीत 'रेप्लिका' असं स्वच्छ लिहिलेलं असेल आणि तुम्ही ते वाचलंच नसेल, तर तक्रारीत दम उरत नाही.

पायऱ्या अशा चढा.

पहिली पायरी, प्लॅटफॉर्मचा तक्रार निवारण अधिकारी. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एक महिन्यात निवारण, असा नियम आहे. चॅटबॉटशी वाद घालण्यात आठवडा घालवू नका. त्या अधिकाऱ्याला मेल करा.

दुसरी पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतून बोलता येतं. तक्रार कंपनीपर्यंत नेऊन तडजोड घडवायचा प्रयत्न तिथे होतो. पैसे लागत नाहीत. आदेश देण्याचा अधिकार मात्र हेल्पलाइनला नाही.

तिसरी पायरी, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तो वाशिमला आहे. इथेच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुमच्या बाजूनं मोठा बदल केला. पूर्वी साधारणपणे विक्रेता जिथे, तिथे किंवा व्यवहार झाला तिथे तक्रार करावी लागे. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथेही करता येते. म्हणजे विक्रेता कोलकात्याचा असला तरी तक्रार वाशिमला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः बाजू मांडता येते. २०२५पासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र पाळा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि वस्तूची तपासणी लागत असेल तर पाच महिने असं म्हटलंय. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, हे धरून चला. पण नीट लिहिलेली तक्रार आणि नोटीस पोचली की काही विक्रेते तिथेच मिटवायला तयार होतात.

नाणं खोटं आहे हे सिद्ध कसं करणार? 'मला वाटतं' चालत नाही. जाणकार नाणेतज्ज्ञाचं लेखी मत घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणे-नोटा संग्रहालय आहे, नागपूरला 'अजब बंगला' म्हणून ओळखलं जाणारं मध्यवर्ती संग्रहालय आहे. ही ठिकाणं तुमच्या नाण्याला भाव लावून देणारी दुकानं नाहीत. पण अस्सल नाणं दिसतं कसं, हे डोळ्याला शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

दोन अपवाद, जे कुणी सांगत नाही

एक. समोरचा व्यापारी नसेल, म्हणजे एखाद्या मुलानं स्वतःकडचं एकच घड्याळ ओळखीतून तुम्हाला विकलं असेल, तर ग्राहक आयोगाचं दार सहसा उघडत नाही. तिथे मुद्दाम फसवलं असेल तर पोलीस, नाहीतर दिवाणी न्यायालय. छोट्या रकमेसाठी दिवाणी दावा परवडत नाही, म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विचारा किंवा १५१०० वर फोन करा. मुली-महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोड करायची सोयही तिथे असते.

दोन. तुम्ही 'इथं घेऊन तिथं विकायचं' या हिशेबानं नाणी, स्नीकर्स, कार्ड्स घेत असाल, तर ती व्यापारी खरेदी ठरू शकते. व्यापारासाठी घेणारा कायद्यानं 'ग्राहक' नसतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर सूट आहे, पण ते तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. साइड इन्कम म्हणून रीसेलिंग करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

लिलावात बोली लावताना

रीतसर लिलावगृहांचे लिलाव आता ऑनलाइन असतात, घरबसल्या बोली लावता येते. पण ९,००० ला घेतलेलं नाणं ९,०००ला पडत नाही. त्यावर लिलावगृहाचं कमिशन, कर आणि पार्सलचा खर्च चढतो. अटींच्या पानावर हे सगळं असतं. वस्तू बनावट निघाली तर किती दिवसांत कळवायचं, हेही तिथेच असतं. ती मुदत उलटली की तुमचा हात कमकुवत होतो. म्हणून पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा, परीक्षा संपायची वाट बघू नका.

लिलावाचा कायदा मात्र जुना आणि सरळ आहे. १९३० सालच्या मालविक्री कायद्याचं कलम ६४. (हेल्पलाइनचा नंबरही १९३०च, लक्षात ठेवायला सोपं!) हातोडा पडेपर्यंत किंवा लिलाव संपल्याचं जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. नंतर नाही. विक्रेता स्वतःच बोली लावणार असेल तर ते आधी जाहीर करावं लागतं. गुपचूप माणसं बसवून भाव चढवला असेल, तर विकत घेणारा तो व्यवहार रद्द ठरवू शकतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊला होणारे 'लिलाव' हा वेगळाच मामला. तिथे ॲडमिन म्हणजे लिलावगृह नव्हे. कोण खरा बोली लावतोय आणि कोण ॲडमिनचाच दुसरा नंबर आहे, हे ओळखणं अवघड. तिथे पैसे अडकले तर हातात काय असतं? ग्रुपमधले मेसेज. आणि ॲडमिननं तुम्हाला ग्रुपमधून काढलं तर नवे मेसेजही दिसत नाहीत. म्हणून बोली चालू असतानाच स्क्रीनशॉट घेत चला.

तुम्ही विकणारे असाल, तर 'पेमेंट झालं' या स्क्रीनशॉटवर वस्तू पाठवू नका. स्वतःचं खातं उघडून बघा. आणि एक सूत्र पाठच करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील' म्हणजे पैसे जातील.

तऱ्हाळ्याची नाणी

शेवटचा प्रसंग फक्त आपल्याच जिल्ह्यात घडेल असं नाही, पण आपल्या जिल्ह्यात तो घडलेला आहे.

१९३९ मध्ये मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा इथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे दीड हजार नाणी! तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा तर १ जुलै १९९८ला झाला. नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी त्या नाण्यांचा अभ्यास केला. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी अशा मोठ्या राजांच्या जोडीला कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी फारशी कुणाला माहीत नसलेली नावं त्या नाण्यांवरून पुढे आली. आज 'तऱ्हाळा साठा' हा शब्द सातवाहनांवर अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

ती नाणी सापडणाऱ्यानं मोडीत घातली असती किंवा मूठ-मूठ करून विकली असती तर? धातूचा भाव आला असता आणि राजांची नावं कायमची गेली असती.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे विहीर खोदताना, घराचा पाया काढताना काही सापडणं ही अशक्य गोष्ट नाही. असं काही तुमच्या शेतात सापडलं आणि एखादा 'पार्टी आहे, रोख देतो' म्हणाला, तर थांबा. १८७८चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो, जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यायलाच हवी. लपवलं तर तुमचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कळवलं तर कायद्यात सापडणाऱ्याचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. सरकारनं ठेवा स्वतःकडे घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यायची तरतूद आहे.

शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि पुरावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे परदेशी साइटवर 'चांगला भाव' मिळाला म्हणून कुरिअर केलंत, की गुन्हा तुमच्याच नावावर. अशा व्यवहारात फसलात तर तक्रार घेऊन जाणार कुठे? ज्या दारात मदत मागायची, तिथेच उत्तर द्यावं लागेल. फसवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो अशी गिऱ्हाइकं हेरतो.

फोनमध्ये सेव्ह करून ठेवा

– पैसे ऑनलाइन गेले: १९३०, लगेच. सोबत बँक.
– विक्रेत्यानं खोटी, वेगळी किंवा फुटकी वस्तू दिली: प्लॅटफॉर्मचा तक्रार अधिकारी, मग १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग.
– बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही: रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माहितीसाठी १४४४८.
– वकील परवडत नाही: विधी सेवा प्राधिकरण, १५१००.
– जमिनीत काही सापडलं: जिल्हाधिकारी कार्यालय.
– घेण्याआधी: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता, बिल. 'ओरिजिनल आहे' हे त्याच्याकडून लेखी घ्या, चॅटवर का होईना. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा.

नाणी जमवणं हा वाईट नाद नाही. उलट इतिहास हातात धरायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. भाजीवाल्याकडून आलेल्या सुट्ट्या पैशांत नाण्यावरच्या सालाखाली बघा. छोटा चौकट-हिरा दिसला तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी दिसली तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. या शोधाला एक रुपयाही जास्त लागत नाही.

आणि आजीच्या डब्यातली ती ट्रॅक्टरची नोट? राहू द्या तिथेच. ती कुठून आली, कुणी दिली, तेवढं आजीला आज विचारून घ्या. त्या गोष्टीसाठी कुणाला रजिस्ट्रेशन फी भरावी लागत नाही.